जाताना लांब, येताना बरोबर

खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस पहिले दोन आठवडे दुखण्याबद्दल बोलतो. टाके निघाले, वॉकरवरची पकड सैल झाली, बाथरूमपर्यंत कुणाच्या मदतीशिवाय जाता यायला लागलं, की तक्रार बदलते. आता ती पायाच्या लांबीची असते. हैदराबादेत ती निरनिराळ्या भाषांत कानावर येते. जुन्या शहरातले चाचा जाब विचारतात, "पाँव लंबा कर दिए मेरा, कायकू?" मलकपेटच्या अम्मा "कालु पोडुगु अयिंदि" म्हणतात आणि सुनेकडे रागानं बघतात. नांदेडकडच्या आजी जरा सबुरीनं घेतात : "बाई, ह्या पायाला जोड दिला का काय डॉक्टरनं?"

मी फिजिओथेरपिस्ट. वाढले नांदेडात, नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि इथलीच झाले. सकाळी ओपीडी, दुपारनंतर घरोघरी व्हिजिट. मराठी येतं म्हणून मराठवाड्याकडचे पेशंट आपसूक माझ्याकडे पाठवले जातात, आणि ते थोडेथोडके नाहीत. नांदेड, परभणी, लातूर, बीड हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निझामाच्या राज्यातला. राज्य गेलं, पण मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठायची सवय राहिली. त्यात पंजागुट्ट्याचं निम्स हे मुळात निझाम्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल, 1964 सालचं. हाडाचं काम असेल तर हैदराबाद, असं आमच्याकडे आजोबांच्या पिढीपासून बोललं जातं. आता हॉस्पिटलं ढीगभर झाली, तरी काचीगुड्याला उतरणारी माणसं तीच. ऑपरेशन झालं की बरकतपुऱ्यात नाहीतर काचीगुड्यात एखाद्या नातेवाइकाकडे महिना-दीड महिना मुक्काम पडतो. तिथे मी जाते.

मी पोचायच्या आधी घरात टेप फिरलेली असते. शिवणयंत्राच्या खणातली, पुढचं पत्र्याचं टोक तुटलेली. मुलानं किंवा जावयानं म्हाताऱ्याला आडवं करून माप घेतलेलं असतं आणि ते हॉस्पिटलच्या फाईलवर पेनानं लिहूनही ठेवलेलं असतं : फरक दीड इंच. कुठून कुठपर्यंत मोजलं, असं विचारलं की उत्तर येतं, "कमरेपासून अंगठ्यापर्यंत." कमरेपासून म्हणजे बहुधा लुंगीच्या गाठीपासून. मी ते माप खोडत नाही. म्हातारा खरोखरच दीड इंच लांब पाय असल्यासारखा चालत असतो. गुडघा वाकवून, टाच उचलून, तोंड वाकडं करून. माप चुकीचं असलं तरी चालणं काही खोटं नसतं.

मी दोन मापं घेते. कमरेच्या पुढच्या अंगाला दोन्हीकडे हाडाचं एक टोक बोटाला लागतं. तिथून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंतचं पहिलं. ही पायाची खरी लांबी. दुसरं माप बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंतचं. ही दिसणारी लांबी. पहिल्या मापात दोन्ही पाय जवळजवळ सारखे आणि दुसऱ्यात ऑपरेशनचा पाय दोन-अडीच सेंटिमीटर लांब, हा प्रकार मी अगदी नेहमी बघते. हाडांत फरक नसतो, कंबर तिरकी असते. तराजूची दांडी कलली की दोन्ही दोऱ्या सारख्या असूनही एक पारडं खाली जातं, तसं.

कंबर तिरकी का होते, हे पेशंटला सांगायला मला बराच वेळ लागतो आणि तो मी लावते. खुब्याचा सांधा एका रात्रीत खराब झालेला नसतो. वर्षानुवर्षं गोळा झिजत जातो, पाय हळूहळू आखूड होतो, भोवतीचे स्नायू त्या आखूड पायाच्या मापाचे होऊन बसतात. मग एके दिवशी सर्जन नवा गोळा आणि नवी वाटी बसवून पायाला त्याची जुनी लांबी परत देतो. हाडाला लांबी तासा-दीड तासात मिळते. स्नायूंना ती मिळायला महिने लागतात. खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ताणलेल्या दोरीगत घट्ट होतात आणि कंबरेचं हाड त्या बाजूला खाली ओढून धरतात. उभं राहिलं की तो पाय जमिनीला आधी लागतो. त्यात मेंदूचीही भर. दहा वर्षं वाकडं चाललेल्या माणसाला सरळ उभं केलं की त्याला तेच वाकडं वाटतं. आरशासमोर उभं करून "बघा, दोन्ही खांदे एका रेषेत आले" म्हटलं तर आरशावर संशय घेतात.

टेपवर मात्र माझा फार भरवसा नाही. जाड माणसाच्या कमरेचं हाड चाचपडताना अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे सहज होतो. त्यापेक्षा फळ्या बऱ्या. आखूड वाटणाऱ्या पायाखाली पातळ फळी सरकवायची, मग आणखी एक, आणि पेशंटनं "आता सारखं वाटतं" म्हटलं की थांबायचं. शिकताना आम्हाला सांगितलं होतं, घरी फळ्या नसतील तर पुस्तकं वापरा. ते सांगणाऱ्यानं आपल्याकडचं घर पाहिलं नसावं. बरकतपुऱ्यातल्या एका आजींनी पायाखाली सरकवलेली जुनी डायरी बघून पाय असा काही वर ओढला की खुब्याचं नवं काम निखळतंय की काय, अशी मला धास्ती बसली. सरस्वतीवर पाय देऊन बरा होणार कुठला पाय! त्यानंतर मी सुताराकडून प्लायवूडचे तुकडे कापून घेतले, तीन, पाच आणि दहा मिलिमीटर जाडीचे. ते पिशवीत असतात. इथल्या घरांतल्या तांदूर फरशीची जमीनही बऱ्याच ठिकाणी उंचसखल असते, म्हणून पेशंटला आधी एकाच फरशीवर दोन्ही पाय ठेवून उभं करायचं, हेही अनुभवानं आलं.

दुसरी वस्तू म्हणजे वजनकाटे. एक नव्हे, दोन. शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकेका काट्यावर एकेक पाय. चौसष्ट किलोच्या बाई ताठ उभ्या राहतात, दोन्ही पायांवर सारखा भार दिलाय असं शपथेवर सांगतात, आणि काटे दाखवतात 42 आणि 22. ऑपरेशनच्या पायाच्या वाट्याला अर्थात 22. हे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर जे काम होतं ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यानं होत नाही. भार नाही म्हणून ताकद नाही, ताकद नाही म्हणून भार नाही. हे चक्र सुटेपर्यंत पाय लांबच वाटणार.

या तक्रारीला हॉस्पिटलांत मिळणारी उत्तरं मला पटत नाहीत. एक उत्तर असतं, "एक्स-रे उत्तम आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत." दुसरं याच्या उलट : लगेच दुसऱ्या चपलेला उंची लावून द्या. पहिल्यानं माणूस अपमानित होतो आणि पुढच्या वेळी खरंच काही बिघडलं तरी सांगत नाही. दुसऱ्यानं तो खूश होऊन घरी जातो, पण तिरक्या कंबरेला आपण कायमचा टेकू देऊन ठेवतो. पहिले तीन महिने, कधीकधी सहा महिने, उंची लावायची घाई करू नये, या मताची मी आहे. तोवर घट्ट स्नायूंना सैल व्हायला वाव द्यायचा. बहुतेकांचा फरक या काळात कमी होत जातो. पण थांबायला सांगायचं तर दर आठवड्याला समोर बसून ऐकायचीही तयारी हवी. नुसतं "होईल" म्हणणं म्हणजे थांबवणं नव्हे.

सर्जनची बाजूही सांगायला हवी, कारण पेशंटच्या घरी शिव्या त्यांनाच पडतात. आजच्या पद्धतीचं खुब्याचं ऑपरेशन इंग्लंडात रायटिंग्टनला जॉन चार्नली यांनी 1962 च्या नोव्हेंबरात बसवलं. धातूचा छोटा गोळा, 22.225 मिलिमीटर व्यासाचा, आणि प्लॅस्टिकची वाटी. आता गोळे मोठे असतात, 28, 32, 36 मिलिमीटरचे, आणि प्रत्येकाची मान कमी-जास्त लांबीची मिळते. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट कुशीवर असतो, अंगभर हिरवी कापडं, आणि त्या कापडांखालून दोन्ही गुडघे एकावर एक चाचपून लांबीचा अंदाज घ्यायचा. आधी एक्स-रेवर आराखडा काढलेला असतो, तरी शेवटचा निर्णय हाताचा. सर्जन चाचणीचा गोळा बसवतो आणि पाय ओढून, वळवून बघतो. सैल लागला तर तो निखळणार. मग काही मिलिमीटर जास्त मानेचा गोळा घालायचा. सांधा घट्ट बसतो आणि पाय तेवढा लांब होतो. लांबी आणि घट्टपणा यांत एकाला झुकतं माप द्यायची वेळ आली की शहाणा सर्जन घट्टपणाला देतो. चार-पाच मिलिमीटरनं लांब झालेला पाय माणूस विसरून जातो, निखळलेला सांधा कुणी विसरत नाही. तक्रार आहे ती एवढीच की हे वाक्य ऑपरेशनच्या आधी, सहीच्या कागदावर बोट ठेवताना, पेशंटच्या भाषेत कुणी तरी म्हणावं. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

बरकतपुऱ्यातल्याच एका काकांची गोष्ट. उजवा खुबा बदललेला, दोन महिने झालेले, काठीवर आलेले. शाळेत भूमिती शिकवलेले गृहस्थ. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारे. त्यांचं म्हणणं असं की गल्लीच्या टोकाला दूध आणायला जाताना पाय लांब लागतो आणि येताना बरोबर लागतो. मुलगा वैतागलेला. म्हणे, बाबांचं आता काहीही सुरू आहे. मी त्यांच्याबरोबर दुधाला गेले. गल्लीचा डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला नालीकडे उतरता. काका शिस्तीनं डाव्या कडेनं जात होते. त्यामुळे त्यांचा डावा पाय उतारावर खाली आणि उजवा वर. ज्या पायाला आधीच लांबी वाटतेय त्याच्याखाली रस्त्यानं आणखी उंची दिलेली. येताना वाहनं नकोत म्हणून ते त्याच कडेनं परतत, तेव्हा उजवा पाय नालीच्या बाजूला, खालच्या अंगाला. झाला हिशेब बरोबर. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी रस्त्यावरच काठीनं धुळीत दोन पाय आणि एक तिरपी रेघ काढून पडताळा घेतला. त्यानंतर मुलाला त्यांनी जे ऐकवलं ते इथे नको. व्यायामासाठी मात्र मी त्यांना समोरच्या मंगल कार्यालयाच्या सपाट पार्किंगमध्ये चालायला लावलं.

काठीचीही एक गंमत. ज्या बाजूचं ऑपरेशन त्याच हातात काठी, असं जवळजवळ प्रत्येक जण धरतो. ती हवी उलट्या हातात. उजवा खुबा असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय पुढे टाकताना काठी त्याच्याबरोबर पुढे. नुसता हात बदलला तरी झोकांडी कमी होते आणि माणसाला पाय अर्धा इंच आखूड झाल्याचा भास होतो. घरातली वडीलधारी माणसं मात्र हे बघून मला येऊन सांगतात, काठी चुकीच्या हातात दिली म्हणून.

एका बाबतीत थांबायचं नसतं. लांबीतला फरक हळूहळू जाणवत असेल तर वेळ आहे. पण काल बरोबर असलेला पाय आज एकदम आखूड झाला, आत वळला, कळ सहन होत नाही, असं असेल तर सांधा निखळला असं समजून तडक हॉस्पिटल गाठायचं. अशा घटना घरात कुठे घडतात ते ठरलेलं असतं : ठेंगणा सोफा, देशी संडास, जमिनीवर मांडी. पाठीमागून केलेल्या ऑपरेशनमध्ये पहिले काही आठवडे गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि पायावर पाय टाकायचा नाही. जुन्या शहरातले पेशंट नमाजाचं विचारतात, आमच्याकडचे पोथीला पाटावर बसायचं. दोघांनाही मी खुर्ची सांगते. चाचा ऐकतात, पोथीवाले वाद घालतात.

आता ज्यांच्या हाडांतच खरा फरक राहतो त्यांचं. त्यात जुनी, नीट न जुळलेली मोडलेली हाडं बरीच. हैदराबादेत "पुत्तूर कट्टू"च्या पाट्या जागोजागी दिसतात. आंध्रातल्या पुत्तूरची ही हाड बांधण्याची परंपरा मोठी आणि हाताच्या साध्या मोडीला लोक तिथे आवर्जून जातात. पण म्हातारपणी खुब्याजवळ मोडलेलं हाड पट्टीनं जुळत नाही. वर्षभरानं असा माणूस ऑपरेशनला येतो तेव्हा पाय चार-पाच सेंटिमीटर आखूड झालेला असतो. तेवढा एका झटक्यात ओढला तर पायाकडे जाणारी मोठी नस ताणली जाऊन पाऊल लुळं पडायची भीती. मग सर्जन जमेल तेवढं देतो, उरलेलं चपलेनं भरून काढायचं. ज्यांची पाठच वयानं वाकून कडक झालेली, त्यांचीही कंबर व्यायामानं सरळ होत नाही. त्यांनाही उंची लागते. एक सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना चालून जातो. दोनच्या पुढे गेला तर पाठ आणि दुसरा गुडघा बोलायला लागतात. आणि उंची कधी पूर्ण द्यायची नाही, फरकाच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात.

पुस्तकात हे "बुटात इनसोल घाला" एवढ्यावर संपतं. पुस्तकातला माणूस सकाळी बूट घालतो आणि रात्री काढतो. आमचा पेशंट दिवसातले बावीस तास घरात आणि अनवाणी. चप्पल दाराबाहेर, ती घालून स्वयंपाकघरात जाणं म्हणजे पाप, देवघराचं तर नावच नको. म्हणजे उंची मिळणार दुधाला जाऊन येण्यापुरती. यावर मी तोडगा काढते तो घरातल्या वेगळ्या चपलेचा, मागे पट्टा असलेल्या, कधीच उंबऱ्याबाहेर न गेलेल्या. ती नवी कोरी घरात आणायची, आणि तळाला एमसीआर रबराचा थर चांभाराकडून लावून घ्यायचा. हे रबर म्हणजे कुष्ठरोग्यांच्या आणि मधुमेहींच्या चपलांना वापरतात तेच, मऊ आणि न दबणारं. देवघराच्या बाबतीत तडजोड अशी की पूजा खुर्चीवर बसून, तेव्हा पाय अनवाणी. एका आजींनी ही तडजोड मान्य केली आणि मुलाला चांभाराकडे धाडलं. काचीगुडा चौकातल्या त्या चांभारानं काम सुबक केलं. फक्त एकच चप्पल उंच दिसणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्यानं आपल्या मनानं दोन्हींना सारखा थर लावून दिला. जोडीचे पैसे घेतले. आजी महिनाभर त्या घालून फिरल्या आणि फोनवर म्हणाल्या, "बाई, उंची वाढली माझी, पण पाय तसाच." तेव्हापासून मी चपलेच्या तळालाच मार्करनं तेलुगूत आणि उर्दूत लिहून देते : ही एकच.

हल्ली वेगळाच वर्ग यायला लागलाय. तिशी-पस्तिशीतली मुलं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरतो, त्याला एव्हीएन म्हणतात. कारणं अनेक : दारू, सिकल सेल, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडं, कधी पुडीतून नकळत पोटात गेलेली. कोविडच्या स्टेरॉइडनंतर असे रुग्ण दिसल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं. नंतर आमच्या ओपीडीतही ते दिसू लागले. हा आजार पुष्कळदा दोन्ही खुब्यांना होतो. एक बाजू बदलली की ती पूर्ण लांबीची, दुसरी अजून ढासळलेली आणि आखूड. अशा वेळी "नवा पाय लांब झाला" हे म्हणणं खरंही असतं आणि उलटही : नवा पाय बरोबर आहे, जुना आखूड आहे. इथे मात्र मी आखूड बाजूच्या चपलेला तात्पुरती उंची लावून देते, कारण दुसरं ऑपरेशन सहा महिन्यांवर असतं आणि तोवर माणसाला कामावर जायचं असतं.

असाच एक कुकटपल्लीचा मुलगा, खाण्याचे डबे घरोघर पोचवणारा. पहिल्या ऑपरेशननंतर त्यानं माझं डोकं खाल्लं होतं. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही पावलांचा वरून काढलेला फोटो. दुसऱ्या खुब्याच्या वेळी सर्जनपुढे निदान एक बरोबर झालेला पाय नमुन्याला होता, आणि माप चांगलं जुळलं. एक्स-रेत पाचेक मिलिमीटरचा फरक दिसतो, त्याला तो जाणवतही नाही. तिसऱ्या आठवड्यात आला तेव्हा लांबीचा शब्द काढला नाही. गाडीवर कधी बसू, एवढंच विचारलं. तीन महिन्यांनी, सर्जननं हो म्हटल्यावर, म्हटलं. टांग मागून लांबवर टाकायची नाही, गाडी स्टँडवर तिरपी करून चढायचं. आणि सेल्फ स्टार्ट बिघडलाय, असं तो म्हणाला, तेव्हा आधी तो दुरुस्त करून घे म्हणून सांगितलं. तोवर किक भावाला मारू दे.